दिवस भरण्याची वाट

(वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचा जमाखर्च आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. परंतु इतकी वर्षे रुग्णालयाच्या वह्या सांभाळताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. काही खर्च असे असतात की ते कोणत्याही वहीत उमटत नाहीत, आणि तरीही ते कोणीतरी भरलेले असतात. आज विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने मी अशाच एका खर्चाविषयी बोलणार आहे.

दरवर्षी या व्यासपीठावरून आपण नव्या यंत्रांविषयी, अवघड शस्त्रक्रियांविषयी ऐकता. आमच्या प्रसूती विभागात मात्र असे काही रुग्ण असतात, की ज्यांच्या बाबतीत ‘आज काही घडले नाही’ ही दिवसातील सर्वांत चांगली बातमी ठरते. दिवस भरण्यापूर्वीच कळा सुरू झालेल्या या माता. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या प्रसूतीस मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशी मुदतपूर्व जन्माला आली आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातील होती. इतकी संख्या अन्य कोणत्याही देशाची नव्हती.

या बाळांपुढील पहिले संकट श्वासाचे असते, कारण फुप्फुसे अखेरच्या आठवड्यांत परिपक्व होतात. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि श्वसनाच्या विकाराने दोन दिवसांत दगावला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान कुटुंबाला त्या वेळी जे मिळू शकले नाही, ते आज आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळते. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हॉवी या दोन डॉक्टरांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या मातेस स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. २०१४ साली भारत सरकारने यासाठी डेक्सामेथासोनची मार्गदर्शक तत्त्वे काढली : दर बारा तासांनी एक, अशी चार इंजेक्शने. २०२० साली भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातही या औषधाने बालमृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले. औषध अतिशय स्वस्त आहे. ते परिणामकारक ठरण्यासाठी हवा असतो तो वेळ.

तो वेळ मिळविण्यासाठी कळा शमविणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ही औषधे प्रसूती महिनाभर पुढे ढकलीत नाहीत. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भाषेत सांगायचे तर, त्या गोळ्या दोन दिवस विकत घेऊन देतात. त्या दोन दिवसांत इंजेक्शने पूर्ण करावयाची, लघवीतील जंतुसंसर्गासारखे कारण शोधून त्यावर इलाज करावयाचा, आणि नवजात शिशूंची सोय नसलेल्या ठिकाणाहून सोय असलेल्या ठिकाणी मातेला आणावयाचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रवास करावयाचा असेल, तर मातेच्या उदराइतके सुरक्षित वाहन दुसरे नाही. दोन दिवसांनंतर पुष्कळ मातांच्या कळा आपोआप थांबतात. काहींच्या पुन्हा सुरू होतात. कोणाचे काय होईल, हे निश्चितपणे कोणीच सांगू शकत नाही. मग उरते ती प्रतीक्षा.

गेल्या हंगामात आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिगत मी त्यांच्या संमतीने, नावगाव न सांगता, आपणांस सांगतो.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी आलेले हे कुटुंब. नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी, सासू, आणि शेजारच्या कोपीत थोरला दीर व जाऊ. आपल्यापैकी साखर कारखान्याच्या परिसरातील मंडळींना ठाऊक आहे की, तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. नवऱ्याने ऊस तोडावयाचा, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यावयाच्या. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती दोघांच्या श्रमांतून फेडावयाची असते. जो दिवस चुकेल त्याचा ‘खाडा’ पडतो.

एकोणतीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी फडातच तिच्या कंबरेत कळा येऊ लागल्या व पोट वारंवार कडक होऊ लागले. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी तत्परतेने पहिले इंजेक्शन दिले आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून रात्री तिला आमच्याकडे पाठविले. येथे अनामत रक्कम मागितली गेली नाही, हे मी उपकार म्हणून सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांवर ते बंधनच आहे. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात, आणि अन्य रुग्णांच्या देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, ही व्यवस्था आपण जाणता. तिचा औषधोपचार या निधीतून झाला.

इंजेक्शने पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी कळा थांबल्या. चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा माझ्या कार्यालयात आला व अत्यंत अदबीने म्हणाला, “साहेब, आता दुखायचं थांबलंय. सोडा आम्हाला. उगं खाट अडवून काय करायचं?”

त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याच्या दृष्टीने चार दिवसांचे चार खाडे पडले होते, लहान मुलगी कोपीवर होती, आणि बायकोला काही दुखत नव्हते. ज्या आजारात दुखत नाही, ज्यात रोज सलाईन लागत नाही, त्यासाठी माणसाने रोजगार का बुडवावा? आणि खरे सांगावयाचे तर, वैद्यकीय दृष्ट्याही त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते, याला पुरावा नाही. आमचे डॉक्टर तशी सक्ती करीतही नाहीत. त्यांनी मला स्पष्टच सांगितले, “हिचे घर याच शहरात असते, तर मी आज तिला घरी पाठविले असते आणि दर आठवड्याला तपासणीस बोलाविले असते. गर्भाशयाचे तोंड आखूड झाले आहे. कळा केव्हाही परत येतील. मी तिला कोणत्या घरी पाठवू?”

‘घर’ म्हणजे उसाच्या पाचटाची व प्लास्टिकच्या कागदाची कोपी. पाणी दूर, रात्री वाहन नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात नवजात शिशू विभाग नाही. शिवाय तेथे गेल्यावर मोळी उचलावयाची नाही, असे तिला सांगणारे आणि ते पाळू शकणारे कोणी नाही.

आमच्या समाजसेवा विभागातील ताईंनी त्या दिवशी त्या कुटुंबाला एकत्र बसविले. मुकादमाशीही दूरध्वनीवर बोलणे झाले. अखेर मार्ग निघाला तो त्या कुटुंबातूनच. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “ती ऱ्हाऊ द्या इथं. मोळ्या मी वाहते.” दोघे भाऊ तोडू लागले आणि दोघांच्या मोळ्या एकट्या जाऊबाईंनी वाहिल्या. शिवाय धाकटीच्या मुलीला सांभाळले. या श्रमांची किंमत रुग्णालयाच्या कोणत्याही खात्यात नोंदली गेलेली नाही. निर्धन रुग्ण निधी रुग्णाच्या उपचारासाठी आहे. बुडालेल्या मजुरीला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला त्यात रकाना नाही.

सोबत म्हणून सासूबाई राहिल्या. रात्री व्हरांड्यात सतरंजीवर निजत, दिवसा सुनेजवळ बसत. त्यांना एक निराळीच चिंता होती. सातव्या महिन्यातले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्याकडे खेड्यांत आणि शहरांतही घट्ट रुजलेली आहे. जसजसा सातवा महिना सरू लागला, तसतशा त्या अधिक अस्वस्थ होऊ लागल्या. एके संध्याकाळी त्यांनी परिचारिकेला विनविले, “बाई, व्हायचं तर आत्ताच होऊन जाऊ द्या. आठवा लागला की काय खरं नाही.” ज्या दिवसांसाठी डॉक्टर झटत होते, नेमक्या त्याच दिवसांचे त्या माउलीला भय वाटत होते.

परिचारिकेने त्यांना हसण्यावारी नेले नाही. ती त्यांना नवजात शिशू विभागाच्या काचेपाशी घेऊन गेली आणि आधी जन्मलेली व नंतर जन्मलेली बाळे दाखविली. मग म्हणाली, “आजी, भाकरी अर्धी भाजल्यावर तव्यावरून काढता का? आत जितके दिवस जास्त, तितकं बाळ पक्कं.” आजीबाई उत्तरल्या, “तव्यावरची भाकरी माझ्या हातात असती बाई. ही कोणाच्या हातात?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. तरीही त्या दिवसापासून त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एकेक दिवस खोडावयास प्रारंभ केला.

शेजारच्या खाटेवर याच कारणासाठी दाखल झालेल्या, एका खासगी कंपनीत हिशेबनीस असलेल्या भगिनी होत्या. वय जवळपास तेच, आजार तोच, औषधे तीच. मात्र त्यांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळालेली २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा होती, गर्भारपणातील आजार किंवा मुदतपूर्व प्रसूती झाल्यास आणखी एका महिन्याची तरतूद होती, आणि आरोग्य विमाही होता. त्यांनाही भय होतेच. भीतीला पगाराची पावती लागत नाही. परंतु त्यांची भीती केवळ बाळाची होती. उसाच्या फडातून आलेल्या मातेच्या भीतीत बाळाबरोबर उचल होती, खाडा होता, जाऊबाईंच्या डोक्यावरच्या मोळ्या होत्या आणि कोपीवरची चार वर्षांची मुलगी होती. त्या हिशेबनीस भगिनी रोज सायंकाळी आपल्या फोनवरून तिचे मुलीशी बोलणे करून देत. पाचव्या दिवशी त्या कळा थांबून घरी गेल्या, कारण त्यांना जावयास घर होते. जाताना त्यांनी आपला जुना फोन तिच्या उशाशी ठेवला.

दोन आठवड्यांनी, मध्यरात्री, तिला पुन्हा कळा आल्या. प्रसूती कक्ष वीस पावलांवर होता. तातडीने उपचार झाले व पहाटेपर्यंत त्या शमल्या. ही रात्र कोपीवर उजाडली असती तर काय झाले असते, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

तेहतीस आठवडे व तीन दिवस झाल्यावर मात्र कळा थांबल्या नाहीत. १ किलो ७२० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. तिला दोन दिवस श्वासासाठी यंत्राचे साहाय्य लागले, आणि पाचव्या दिवशी ती आईच्या छातीशी आली. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे सुरू केलेली ही ‘कांगारू’ पद्धत आज सर्वत्र स्वीकारली गेली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील अभ्यासात असे आढळले की, एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच मातेच्या त्वचेशी ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण एकचतुर्थांशाने घटते. आपल्या विभागातही ही सुरुवात याहून लवकर व्हावी, असा आमच्या बालरोगतज्ज्ञांचा आग्रह आहे. आई विश्रांती घेत असे तेव्हा आजीबाई नातीला छातीशी धरून बसत. आठव्या महिन्यात जन्मलेल्या नातीला! एकोणिसाव्या दिवशी मुलगी घरी गेली. गावच्या आशाताईंना आमच्या समाजसेवा विभागाने आधीच निरोप दिला होता.

प्रत्येक प्रतीक्षेचा शेवट असा होतो, असे मी म्हणणार नाही. काही कुटुंबे येथून रिकाम्या हातांनी परत गेली आहेत, आणि त्यांतील कोणी आज या सभागृहात असतील तर त्यांना मी विनम्रपणे वंदन करतो. त्यांनी वाट पाहण्यात काही कमी केले नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या मातेने प्रसूतीपूर्वी प्रसूती विभागातील एक खाट एकतीस दिवस वापरली. त्यांपैकी फार थोडे दिवस तिला खाटेची वैद्यकीय गरज होती. उरलेले दिवस तिला हवे होते ते रुग्णालयाजवळचे एक सुरक्षित छप्पर. त्या काळात अन्य रुग्णांना खाटेसाठी थांबावे लागले. दुसरीकडे, ती लवकर गेली असती आणि एकोणतिसाव्या किंवा एकतिसाव्या आठवड्यात प्रसूत झाली असती, तर ते बाळ, जगले असते तरी, अतिदक्षता विभागात कित्येक आठवडे राहिले असते. आणि तेथील एका दिवसाचा खर्च प्रसूती विभागातील खाटेच्या खर्चाच्या कित्येक पट असतो. निव्वळ हिशेबाच्या नजरेने पाहिले तरी बाळाने आईच्या पोटात काढलेला दिवस हा संस्थेसाठी सर्वांत काटकसरीचा दिवस आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. रुग्णालयामागील परिचारिका-निवासाची जुनी इमारत गेली काही वर्षे रिकामी आहे. तिच्या तळमजल्यावरील सहा खोल्या दुरुस्त करून तेथे अशा मातांसाठी प्रतीक्षागृह उभारावे. प्रत्येक खोलीत माता, तिच्या सोबतीचे एक माणूस आणि लहान मूल असल्यास तेही राहील. एक सामाईक स्वयंपाकघर, पायऱ्यांऐवजी उतार, प्रसूती कक्षात वाजणारी घंटा, आणि दिवसातून दोनदा परिचारिकेची फेरी. ही कल्पना माझी नव्हे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांलगत ‘माहेरघर’ योजना याच विचाराने सुरू केली. आपल्या वास्तूलाही तेच नाव शोभेल.

एका विश्वस्त महोदयांनी प्रश्न केला की, लोक विनाकारण तेथे मुक्काम ठोकणार नाहीत काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रवेश केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या लेखी शिफारशीवर मिळेल, दर आठवड्याला तिचा फेरविचार होईल, आणि घर जवळ असलेल्या मातेस घरीच पाठविले जाईल. योग्य वेळी घरी पाठविणे, हीदेखील सेवाच आहे.

देणगीदारांना माझे एक निवेदन आहे. यंत्रासाठी देणगी मिळविणे तुलनेने सुकर असते. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लागते. सतरंजी, गॅसची टाकी, पाण्याचे देयक, सोबतीच्या माणसाची दोन वेळची भाकरी यांवर पाटी लावता येत नाही आणि हा खर्च दरवर्षी करावा लागतो. तरीही मी आज तोच मागत आहे. इमारतीच्या दुरुस्तीसाठी एकरकमी देणगी आणि चालू खर्चासाठी कायम ठेव, अशी दोन स्वतंत्र खाती उघडण्यात येतील, आणि त्यांचा हिशेब दरवर्षी याच अहवालात स्वतंत्रपणे छापला जाईल.

शेवटी, येथे उपस्थित कुटुंबीयांना डॉक्टरांच्या वतीने एक सूचना. सदतीस आठवड्यांपूर्वी पोट वारंवार कडक होणे, न थांबणारी कंबरदुखी, ओटीपोटात खाली दाब जाणवणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि दवाखाना गाठा. कळा खोट्या ठरल्या तर कोणीही रागावणार नाही. खोट्या ठरल्याचा सर्वांना आनंदच होईल.

येता ऊसतोड हंगाम सुरू होण्यापूर्वी सहापैकी निदान दोन खोल्या तयार व्हाव्यात, असा आमचा संकल्प आहे. तो आपल्या साहाय्याने सिद्धीस जाईल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.